दारात न थांबलेलं गाणं

सिन्नर,
२४ नोव्हेंबर २०२४

धनराज,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही, मुद्दाम गाळलं आहे. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. तुझ्या बायकोनं केलं. चर्चच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं, तेही तूच. म्हणून या वयात कागद-पेन घेऊन बसले आहे. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, एवढं एक बरं आहे.

कामाचं आधी लिहिते. गेल्या वर्षी नाताळाच्या आठवड्यात तुझी कॅरोल पार्टी नाशिकहून टेम्पो करून सिन्नरला आली. त्याच संध्याकाळी तुझ्या दाजींना झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि मी आणि आमचा सनी त्यांना घेऊन दवाखान्यात पळालो. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, हे मी धरून चालते. पण आमच्या गल्लीतल्या पगारेबाई दवाखान्यात भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या भावाला विचारलं, ताईंकडं जाऊन आला का, तर म्हणे त्या घराचं नावच काढू नका." म्हणजे तुम्ही आमच्या दारावरून गेलात आणि थांबला नाहीत. पगाऱ्यांच्या दारात गायलात, चकल्या खाल्ल्यात, आणि बहिणीचं घर टाळून नाशिकला परत गेलात.

कारण काय ते मला न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. सनीनं चैतालीशी कोर्टात लग्न केलं. मुलगी बौद्ध. ती चर्चमध्ये आली नाही आणि तिनं बाप्तिस्मा घेतला नाही. तुमच्या कमिटीच्या पोटात तेव्हापासून दुखतंय.

आता ऐक. दाजींनी तुझ्या पार्टीत तीस वर्षं ढोलकी वाजवली. डिसेंबरच्या थंडीत सिन्नरहून स्कूटरवर नाशिकला यायचे, कानाला मफलर बांधून, तेव्हा तुझ्या पार्टीत धड ताल धरणारा दुसरा कोणी नव्हता. आज त्यांना अंथरुणातून उठवायला दोन माणसं लागतात. नोव्हेंबर लागल्यापासून संध्याकाळ झाली की खिडकीकडे तोंड करून पडतात. कोणाची वाट बघताय असं मी विचारलं तर उजव्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर वाजवतात. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षाचं काही धरून चालू नका.

तेव्हा या वर्षी पार्टी आमच्या दारात आली पाहिजे. मी विनंती करत नाही, सांगते आहे. माझ्यासाठी येऊ नकोस. माझं तोंड बघायचं नसेल तर मी स्वयंपाकघरात बसेन.

ज्योत्स्ना


नाशिक,
२९ नोव्हेंबर २०२४

सौ. ज्योत्स्नाताईस,
प्रभूच्या नावात सलाम. (सलाम मी लिहितो. तुझ्यासारखा गाळत नाही.)

ग्रुपमधून तुला का काढलं ते लिहायला तू सोयीस्कर विसरलीस. सगळ्या मंडळीसमोर तू मला परूशी, म्हणजे धर्माचा ढोंगी, म्हणालीस. पाळकसाहेबांनी ते वाचलं, माझ्या सुनेच्या माहेरच्यांनी वाचलं. मोठी बहीण म्हणून मी उलट उत्तर दिलं नाही, फक्त बाहेर काढलं.

आता तुझ्या आरोपाचं. आम्ही थांबलो होतो.

पुन्हा लिहितो म्हणजे नीट वाचशील. टेम्पो तुझ्या गेटसमोर थांबला, आम्ही सगळे उतरलो, पेटी गळ्यात अडकवून मी पुढे उभा राहिलो आणि आम्ही पूर्ण गीत गायलो. एक कडवंही सोडलं नाही. आपल्या लोकांची रीत तू विसरली असशील तर सांगतो. गाणं चालू असेपर्यंत घरात अंधार ठेवायचा. गाणं संपलं की घरच्यानं दिवा लावायचा आणि दार उघडायचं, मग पार्टी आत येऊन प्रार्थना करते. दिवा लागला नाही तर त्या घराला आपण नको आहोत असं समजून पार्टी पुढे जाते. आपल्या आज्यापासून हे असंच चालत आलं आहे.

तुझ्या घरात दिवा लागला नाही. घर रिकामं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं. पण खिडकीचा गज धरून तुझी सून उभी होती. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. मी पाहिलं, बरोबरच्या बायकांनी पाहिलं. गाणं संपलं, आम्ही थांबलो, एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती आमच्याकडे बघत होती आणि जागची हलली नाही. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "चला, हितं आपलं काय काम नाय." त्या क्षणी मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या सख्ख्या बहिणीचं दार होतं ते.

तिला हे कोणी शिकवलं, ते तू मला सांग. दवाखान्यात मी संत्री घेऊन आलो होतो तर तू मला दारातूनच परत पाठवलंस. तेव्हाच मला कळलं की हे सासू-सुनेचं संगनमत आहे.

दाजींना माझा सलाम सांग. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

धनराज


सिन्नर,
४ डिसेंबर २०२४

धनराज,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तू खोटं बोलतोस, हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण आता नाताळाच्या तोंडावर खोटं लिहून पोस्टाचं तिकीट चिकटवायला लागलास, ही नवीन प्रगती आहे.

माझी सून घरात होती हे खरं. दाजींना नेलं तेव्हा घर बघायला तीच मागे राहिली. म्हणूनच सांगते. तुम्ही आला असतात, गायला असतात, तर तिनं मला सांगितलं नसतं का? सोन्यासारखी मुलगी आहे. घरात मला काडी उचलू देत नाही. दाजींचं सगळं करते, पोटची पोर करणार नाही एवढं. तिच्या तोंडावर उजेड पडला होता म्हणे! तुझा चष्मा तरी नाकावर होता का?

सून बाप्तिस्मा घेत नाही म्हणून तुम्ही आमचं घर वाळीत टाकलंत, आणि आता ते लपवायला दिव्याची गोष्ट रचलीत. आपला पणजोबा गावकुसाबाहेर राहायचा, विहिरीवर त्याला पाणी भरू देत नव्हते, ते तू विसरलास का? पाद्री साहेबानं त्याला पाणी पाजलं तेव्हा आधी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही. चैतालीचा पणजोबाही त्याच वस्तीत कुठेतरी राहत असणार. त्यांनी एक वाट धरली, आपण दुसरी. आणि आता तू दोन पिढ्या पँट घातल्यावर लोकांच्या दारातला दिवा मोजायला निघालास.

नाताळ म्हणजे काय रे, धनराज? तुला विचारते, कारण दर वर्षी माइकवर तूच सांगतोस. देव काय आपण घर सारवून, तोरण लावून, कमिटीचा ठराव करून बसलो म्हणून आला? कोणी बोलावलं नव्हतं तरी आला, तेही गुरांच्या दाव्यापाशी. पहिली बातमी मिळाली ती मेंढरं राखणाऱ्यांना, ज्यांच्या अंगाला वास येत होता आणि ज्यांचं नाव कुठल्या मंडळीत नव्हतं. एवढं मला दवाखान्याच्या नोकरीत बेडपॅन उचलताना कळलं. तुला एवढी वर्षं पेटी वाजवून कळलं नाही.

पार्टी कधी येणार ते कळव. दाजींच्या शर्टाला इस्त्री करून ठेवायची आहे.

ज्योत्स्ना


नाशिक,
१० डिसेंबर २०२४

ताई,

तुझी दोन्ही पत्रं मी रविवारी आराधनेनंतर कमिटीसमोर वाचली. बेडपॅनचा भाग गाळला, तुझीच लाज राखली.

तू मला नाताळ शिकवतेस, तर माझं म्हणणंही एकदा ऐक. नाताळ म्हणजे आला-गेल्याला चहा आणि करंजी नव्हे. ख्रिस्त आला तो माणसांना आहेत तसंच ठेवायला आला नाही, बदलायला आला. मेंढपाळ मेंढरं सोडून उठले आणि गेले, हे तू लिहायचं विसरलीस. तुझ्या घरातून कोण उठलं?

तुला सिन्नरला बसून इकडची हवा समजत नाही. आता दिवस कसे आहेत ते आम्ही बघतो. गेल्या वर्षी दिंडोरीकडच्या एका घरात आम्ही गात होतो तर दारात माणसं येऊन उभी राहिली, नावं विचारायला लागली, कोण कोणाला बाटवतंय म्हणून व्हिडिओ काढायला लागली. आमच्या बायका पदर तोंडावर घेऊन टेम्पोत बसल्या. या वर्षी नाताळाची चांदणी गच्चीवर लावायची की घरात, यावर आमच्या सोसायटीत दोन बैठका झाल्या. आपण मूठभर आहोत. मूठभरांनी मूठ आवळून धरायची असते. आणि माझा स्वतःचा भाचा मूठ उघडून निघून गेला, त्याचं मी मंडळीला काय सांगू?

अडचण तुला वाटते तशी साधी नाही. दारात गाणं झाल्यावर पेटीवाला घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. नाव घेतलं की तो माणूस आमच्यातला झाला. गेल्या वर्षी मी मन मोठं करून तेही करायला निघालो होतो, हे तुला कोणी सांगितलं नाही. टेम्पोत बसल्या बसल्या मी तिचं नाव पाठ करत होतो. आणि तिनं आमच्या तोंडावर अंधार ठेवला. आता मी ते नाव घेणार नाही. तिनं बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर निदान तू मंडळीसमोर उभी राहून गेल्या वर्षीच्या अपमानाची माफी मागावी. दोन्ही नको असेल तर विषय संपला.

वीस तारखेला संध्याकाळी पार्टी सिन्नरला येईल. पगाऱ्यांकडे गाईल. तुझ्याकडे थांबणार नाही. आता शेंडी तुटो की पारंबी तुटो.

धनराज


सिन्नर,
२० डिसेंबर २०२४

मामा,
सप्रेम जय भीम.

मी चैताली. तुम्ही मला ओळखता, खिडकीतली. हे पत्र सनी उद्या कामावर जाताना तुमच्या दारात टाकेल. मी त्याला आत जाऊ नको म्हणून सांगितलं आहे.

आज तुमचा टेम्पो गेला. मी पप्पांना दुपारपासून खिडकीशी बसवलं होतं. मागे दोन उशा, पाठीला लोड, निळा शर्ट. टेम्पो गल्लीत वळला तेव्हा तुम्ही लोक आतच गात होतात. आमच्या गेटपाशी गाडी जरा हळू झाली. पप्पांनी उजवा हात वर केला. मग गाडी पुढे गेली. त्यांचा हात बराच वेळ तसाच होता, मी तो धरून खाली ठेवला. पगाऱ्यांच्या दारातलं गाणं आम्हाला पूर्ण ऐकू आलं. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. घासलेलीच भांडी घासत होत्या.

तुमची पत्रं आणि स्वतःच्या पत्रांचे कच्चे कागद आई पप्पांना वाचून दाखवतात आणि त्यांच्या उशीखाली ठेवतात. आज आई आत गेल्यावर पप्पांनी ती काढून माझ्या हातात दिली. मी पहिल्यांदा वाचली. वर्षभर तुम्ही दोघं माझ्याविषयी भांडताय आणि मला ते आज कळलं.

आता मी सांगते, तुम्ही ऐका. गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळी पप्पा मला म्हणाले, "संध्याकाळी आमची माणसं येतील. गाणं चालू असताना दिवा लावायचा नाही. संपलं की लाव आणि दार उघड." मी विचारलं, संपलं हे मला कसं कळणार? ते हसले. म्हणाले, "अगं, आमचं सगळं आमेननं संपतं." ते त्यांचं माझ्याशी शेवटचं सरळ वाक्य. संध्याकाळी त्यांना उचलून नेलं.

मी घरात एकटी होते. नवीन घर, कुठली वस्तू कुठे ते माहीत नाही, फोन वाजत नाही, माणूस जिवंत आहे की नाही ते माहीत नाही. तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्हाला बघून मला बरं वाटलं. वाटलं, ही पप्पांची माणसं आहेत, आता ह्यांना सांगता येईल. पप्पांनी सांगितलं होतं म्हणून दिव्याला हात लावला नाही. गाणं थांबलं. तुम्ही सगळे गप्प उभे राहिलात. मला वाटलं, मनातल्या मनात प्रार्थना चालली आहे. आमच्याकडे वंदना चालू असताना कोणी मध्ये हलत नाही. मी श्वाससुद्धा जोरात घेतला नाही. मी आमेनची वाट बघत होते. आणि तुम्ही टेम्पोत बसून निघून गेलात.

एवढी माणसं होतात तुम्ही. एकानंही हाक मारली नाही. "कोण आहे घरात?" एवढं विचारायला कमिटीचा ठराव लागतो का? खिडकीत एक बाई उभी आहे, एकटी आहे, तिच्या तोंडावर उजेड पडला आहे असं तुम्हीच लिहिता. मग त्या तोंडावर काय होतं ते कोणाला दिसलं नाही?

तुम्ही विचाराल, मी नंतर का सांगितलं नाही. कोणाला सांगू? आई लग्नापासून माझ्याशी बोलत नाहीत. "जेवायला वाढ", "गोळ्या दे", संपलं. त्याही भिंतीकडे बघून. सनीला सांगितलं तर तो म्हणाला, आता घरात एवढं चाललंय, आणखी विषय काढू नको. मला कुठे माहीत होतं की त्या दिव्यावरून तुमचा धर्म बुडाला. मला वाटलं, काम होतं, गेले असतील.

आई तुम्हाला लिहितात, माझी सून सोन्यासारखी. मी ते वाचून हसले. सोनं कपाटात ठेवतात, त्याच्याशी कोणी बोलत नाही.

मी माफी मागणार नाही, कारण मी काही केलं नाही. बाप्तिस्मा घेईन की नाही ते माझं मी बघेन. तुमच्या दाराची ती किंमत असेल तर राहू द्या. पण पप्पांनी तुमचं काय केलं होतं?

चैताली


नाशिक,
२२ डिसेंबर २०२४

चैताली,

तुझं पत्र मिळालं. सनी खरंच आत आला नाही. माझ्या बायकोनं हाक मारली तरी गाडी चालू करून गेला. छान वळण लावलंस.

वडीलधाऱ्या माणसाला असं लिहितात हे तुला तुझ्या घरी शिकवलं असेल, आमच्या घरी शिकवत नाहीत. मी तुझ्या सासूचा भाऊ आहे. तू मला प्रश्न विचारायचे नसतात.

ड्रायव्हरनं तुमच्या गेटपाशी गाडी हळू केली ती मी सांगितलं म्हणून नव्हे. त्याला जुना थांबा माहीत होता, त्यानं सवयीनं ब्रेक दाबला. मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चल. दाजींचा हात मला दिसला नाही. दिसला असता तरी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

तू लिहितेस ती गोष्ट खरी असेलही. पण एवढ्या माणसांना मी आता काय सांगू? वर्षभर मी त्यांना सांगत आलो की माझ्या बहिणीनं आमच्यासाठी दार लावलं. तू आमेनची वाट बघत होतीस हे आता माइकवर सांगू? लोक हसतील. तुला नाही, मला.

पार्टीचा दौरा संपला. टेम्पो परत केला. पार्टी मागे फिरत नाही, अशी आमच्यात रीत आहे.

धनराज


सिन्नर,
२८ डिसेंबर २०२४

धनराज,

या वेळीही 'प्रिय' लिहिलं नाही. एकदा येऊन गेलास म्हणजे सगळं मिटलं असं तुला वाटत असेल, तर गैरसमज काढून टाक.

आणि येणं तरी कसलं! नाताळाच्या सकाळी, चर्चमध्ये आराधना ऐन रंगात असताना, तू पेटी खांद्यावर मारून एसटीनं सिन्नरला उतरतोस. तुझ्या जागी पेटी कोणी वाजवली? सोमाच्या पोरीनं वाजवली असेल तर मंडळीचं काही खरं नाही. पगारेबाई म्हणतात, तू कोणाला न सांगताच निघालास आणि पाळकसाहेब पहिल्या गीताला तुझी वाट बघत उभे होते. भोगशील आता.

भर उन्हात गेटसमोर उभा राहिलास. कसला अंधार आणि कसला दिवा. धापा टाकत होतास, आवाज फाटत होता, दुसऱ्या कडव्याला सूर सोडलास तो सोडलासच. ह्यांनी पलंगाच्या कडेवर ताल धरला होता म्हणून शेवटापर्यंत पोचलास. मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर यायचं नाही असं ठरवलं होतं. दार तिनं उघडलं, गाणं चालू असतानाच. या वर्षी ती थांबणार नव्हती. ती मला विचारायलाही आली नाही.

मग तू ह्यांच्या उशाशी उभा राहून प्रार्थना केलीस. ह्यांचं नाव घेतलंस. माझं घेतलंस, अगदी दातावर दात ठेवून. सनीचं घेतलंस. आणि मग म्हणालास, "या घरातल्या सर्वांना." मी आतून ऐकत होते. सर्वांना! म्हणजे भिंती, पंखा आणि मांजर धरून.

झटका आल्यापासून ह्यांना एकच शब्द नीट येतो, तो म्हणजे आमेन. रोज संध्याकाळी पगाऱ्यांना ऐकू जाईल असा म्हणतात. त्या दिवशी तू आमेन म्हणालास आणि ह्यांनी तोंड मिटून घेतलं. तू पुन्हा म्हणालास, जोरात, जसं काही त्यांना ऐकू येत नाही. ते तुझ्याकडे बघत राहिले. मी कढईखालचा गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. तेव्हा तू खाकरलास आणि सगळी प्रार्थना पहिल्यापासून सुरू केलीस. ह्यांचं नाव, माझं, सनीचं, आणि चौथं. तेव्हा कुठे ह्यांनी तोंड उघडलं.

ती आमेन म्हणाली नाही. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत. नुसती उभी होती. बरं केलं.

तुला चहा विचारला नाही, आणि तो तू मागितलाही नाहीस, म्हणजे बरोबरी झाली. पण जाताना दारात तिचं पत्र माझ्या हातात कोंबून तू जे विचारलंस, "तू तरी घेतेस का गं तिचं नाव?", ते तुला शोभलं नाही. एवढं ऐकवायला तू सिन्नरपर्यंत आला असशील तर एसटीचं भाडं वाया गेलं. दार आपटलं ते मी, वाऱ्यानं नाही.

मी चाळीस वर्षं संध्याकाळची प्रार्थना चुकवली नाही. आई-बापाचं नाव घेते, ह्यांचं, सनीचं, वॉर्डात माझ्या हातावर गेलेल्यांची आठवतील तेवढी नावं घेते. तुझंसुद्धा घेते. तू मला ब्लॉक केलंस त्या वर्षीही घेतलं, शिव्या गिळून घेतलं. त्यानंतर म्हणते, "सनी आणि त्याचं घर." तेवढ्यात भागतं असं मला वाटायचं. तुला परूशी म्हणताना आणि मेंढपाळांच्या गोष्टी लिहिताना मला काही वाटलं नाही. पत्रात तिला सोनं म्हटलं तेव्हाही नाही. तुला हरवायचं होतं, तेव्हा ती कामाला आली. मला हवी होती ती पंचवीस वर्षांपासून मनात धरलेली सून, आपल्यातली, चर्चमध्ये माझ्या शेजारी बसणारी. ती आली नाही, म्हणून जी आली तिच्याकडे मी बघितलं नाही.

तू गेलास त्या संध्याकाळी मी तिचं नाव घ्यायला गेले. पुन्हा 'सनी आणि त्याचं घर' असंच निघालं. दुसऱ्या दिवशी तसंच. काल तर प्रार्थना अर्धी सोडून उठले आणि उगाच कपाट आवरत बसले. राग तुझा आला होता, तुझ्यासारख्या माणसाला जे दुसऱ्या फेरीत जमलं ते मला जमू नये म्हणून.

आज ह्यांच्या पलंगाशी बसले. ती आत भाकऱ्या करत होती, थापण्याचा आवाज येत होता. मी डोळे मिटले, सगळी नावं घेतली, आणि मग म्हटलं, "चैताली." जरा मोठ्यानं गेलं बहुतेक. थापणं थांबलं. आतून ती म्हणाली, "काय आई?"

लग्नाला वर्ष होऊन गेलं, धनराज, मी तिला नावानं हाक मारली नव्हती. "अगं", "ऐकलंस का", एवढंच. ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. मी डोळे उघडले. प्रार्थना मोडली होती. देवाशी बोलत होते, तुला हाक मारली नाही, असं सांगायचं माझ्या तोंडात आलं होतं. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर ते सांगवेना.

म्हटलं, "काही नाही. बस जरा इथं."

तव्यावर भाकरी होती. ती बसली.

ज्योत्स्ना